आधी भाकरी, मग वाट

दुःखाच्या घरी प्रार्थनेला बसलेला ख्रिस्ती माणूस देवबापाकडे दोन गोष्टी एका दमात मागतो. सांत्वन दे आणि मार्ग दाखव. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडळीत जा, प्रोटेस्टंट असो की कॅथलिक, ही जोडी ऐकायला मिळतेच. मागणी एका दमातली, म्हणून उत्तरही एकदमच येईल असे आपण धरून चालतो. मन शांत होईल आणि त्या शांततेत पुढे काय करायचे तेही उमजेल. तसे झाले नाही की माणूस आधी स्वतःच्या विश्वासावर शंका घेतो आणि मग, मनातल्या मनात, देवाच्या प्रेमावर.

मला वाटते, घोटाळा क्रमाचा आहे. देवाचे प्रेम मनाला हात घालण्याआधी बहुधा पोटाला आणि पाठीला हात घालते, आणि आपण वाट पाहत असतो भलत्याच दारात.

पवित्र शास्त्रातला एलीया संदेष्टा आठवावा. ईजबेल राणी जिवावर उठली, म्हणून तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, मला मरू दे. इथे एखादा उपदेशक असता तर त्याने एलीयाला निराशा हे पाप कसे आहे यावर तासभर सुनावले असते. देवाने त्याला झोपू दिले. मग दूत आला, त्याला हलवून उठवले आणि म्हणाला, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा तेच. वाटेचा विषय निघतो तो या दुसऱ्या जेवणाला, आणि तोही एवढाच, की पल्ला लांबचा आहे, खाऊन घे. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर चाळीस दिवसांनी. तिथेही एलीयाच्या तक्रारीला सरळ उत्तर मिळाले नाही. मिळाली ती कामाची यादी, आल्या वाटेने परत जाण्याची आज्ञा आणि अलीशा नावाचा एक सोबती.

ही गोष्ट नगरच्या ख्रिस्ती माणसाने जरा जास्त लक्ष देऊन वाचावी, कारण त्याच्या पणज्या-खापरपणज्यांना ऐकावा लागलेला टोमणा याच भाकरीवरून होता. भाकरीसाठी बाटले!

अमेरिकन मराठी मिशन नगरला आले 1831 साली. त्यानंतर कितीतरी वर्षे मंडळी मूठभरच होती. गावोगावच्या महारवाड्या-मांगवाड्यांतून माणसे मोठ्या संख्येने आली ती बरीचशी 1876 ते 78 च्या आणि मग 1899-1900 च्या दुष्काळांच्या आगेमागे. मिशनने काम काढले, धान्य दिले, पोरक्या मुलांना आसरा दिला. त्यातली किती माणसे ख्रिस्ताकडे आली आणि किती ज्वारीकडे, ही शंका खुद्द मिशनऱ्यांनाही छळत असे. आपणही ती झटकून टाकू नये. काही जण ज्वारीकडेच आले असणार. पण गावकुसाबाहेर उपाशी बसलेल्या माणसाकडे जे प्रेम भाकरी न घेता आले असते, ते त्याने प्रेम म्हणून ओळखावे तरी कसे? एलीया तर संदेष्टा होता, आणि त्यालाही आधी खायलाच दिले गेले. त्याला कोणी बाटला म्हणत नाही.

शिवाय टोमणा मारणाऱ्यांनी पुढचा हिशेब कधी मांडला नाही. दुष्काळ सरला, मिशनचा हात आखडत गेला, पुढे स्वातंत्र्य आले. 1950 च्या अनुसूचित जातींसंबंधीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना सवलतींच्या बाहेर ठेवले. म्हणजे भाकरी आता उलट्या बाजूला होती. तरी घरेच्या घरे राहिली. काही बौद्ध धम्माकडे गेली, तो त्यांचा मानाचा निर्णय. काहींनी शाळेच्या दाखल्यावर जुनी जात तशीच ठेवली आणि रविवारी उपासनेत पहिल्या बाकावर बसत राहिली. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. त्याला ढोंग म्हणणे सोपे आहे. मला त्यात दोन्ही बाजूंनी पिळल्या गेलेल्या माणसाची चिवट माया दिसते. भाकरीपुरतेच नाते असते तर ते कधीच तुटले असते.

या माणसांनी आपले मन लिहून ठेवले नाही. लिहिले ते कवी नारायण वामन टिळकांनी, म्हणून नगरच्या ख्रिस्ती श्रद्धेची गोष्ट निघाली की नाव टिळकांचेच निघते. मंडळीतही ब्राह्मण धर्मांतरिताला मखरात बसवायची सवय जुनीच. हे एकदा म्हणून ठेवतो, आणि तरीही टिळकांकडेच वळतो, कारण सांत्वन आणि मार्ग यांची फारकत त्या एका घरात जितकी उघडी पडली तितकी दुसरीकडे क्वचितच दिसते.

टिळकांना मार्ग मिळाला तो पुस्तकातून. 1893 साली आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असे ते म्हणत, आणि त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. ज्या जिल्ह्यात नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, तिथे हे नवलाचे नाही. देवाच्या प्रेमाला आई म्हणण्याची सवय या मातीला आधीपासून होती. आजही श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जी गर्दी लोटते, तिच्यात ख्रिस्ती नसलेली माणसे पुष्कळ असतात. मेणबत्ती लावताना धर्म कोण विचारतो!

पण टिळकांच्या या मार्गदर्शनाची किंमत कोणी मोजली? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवरा जिवंत, पण धर्माने दुरावलेला. पदरात लहान मुलगा दत्तू. चार-पाच वर्षे नातलगांच्या आधाराने काढायची, काही काळ पंढरपुरात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरा झेलत. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसत राहतो, म्हणून ही वर्षे किती काळी होती ते चटकन लक्षात येत नाही. देवाने मला मार्ग दाखवला असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारावासा वाटणारा प्रश्न इथे आहे. तुझ्या मार्गाने दुसऱ्या कोणाचे अंथरूण काढून घेतले? प्रश्नाला उत्तर असेलही. टिळकांचे पाऊल चुकले असे मी म्हणणार नाही. पण साक्ष देताना हा हिशेब गाळला जातो, आणि गाळला की देवाचे प्रेम एका माणसाच्या खाजगी मालकीचे होऊन बसते.

लक्ष्मीबाईंची वाट निराळी. त्या टिळकांकडे परत आल्या, नगरला मिशनच्या लोकांत राहिल्या, तरी सोवळे सोडले नाही. स्वतःचे पाणी, स्वतःची चूल. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या ख्रिस्ती कवितेपेक्षा हे न करणे मोठे होते. मग राहुरीला असताना बाईंच्या मनात एकटीच्याच विचाराने गाठ सुटली. माणसे जन्मतात सारखी, मरतात सारखी, हाडामांसाचा फरक नाही, तर जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली असेल तर ती पाळण्यात देवाचे काय? त्यांनी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले. त्यांच्या बाबतीत बाप्तिस्म्याच्या आधी हे पाणी आले. 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या तेव्हा कोण्या पाळकाने समजावून द्यावे असे फारसे काही उरले नव्हते.

यात शब्द नाहीत, दृष्टान्त नाही, शांततेची लाट नाही. एक विचार आणि त्याच्या मागोमाग एक पेला पाणी. देवाचे मार्गदर्शन असेही येते, अगदी घरगुती वेषात. मंडळीत मात्र अशा मार्गदर्शनाला कोणी साक्ष म्हणत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडत नाही.

पुढे नगरला प्लेग आला. वस्ती उठून गावाबाहेर झोपड्यांत गेली. ज्या बाईने वर्षानुवर्षे दुसऱ्याची सावली टाळली होती, ती परक्यांच्या गाठींना हात लावून रोग्यांची शुश्रूषा करू लागली. घरात तर पोरकी, परकी मुले येतच असत. टिळक कोणालाही घेऊन येत, खिशातले असेल नसेल ते देऊन टाकत, आणि संसार कसा चालवायचा हा प्रश्न बाईंच्या पुढ्यात टाकत. बालकवी ठोंबरे याच घरात काही काळ मुलासारखे राहिले. बाई चिडत, बोलत, आणि ताट वाढत. त्यांच्या श्रद्धेत हे चिडणे आहे म्हणून मला ती खरी वाटते. देवावर प्रेम करणाऱ्याने सदा प्रसन्न दिसले पाहिजे ही कल्पना कुठून आली कोण जाणे. स्तोत्रकर्ते तर देवाशी भांडताना जराही लाजत नाहीत.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही ख्रिस्ताभोवती बसता यावे असा तो बेत. दोन वर्षांत, 9 मे 1919 ला, ते गेले. हा मार्ग कुठे पोचला? कुठेच नाही, असे बाहेरच्या माणसाने म्हटले तर वाद घालता येणार नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी दिसलेला मार्ग आणि साताऱ्याचा मार्ग एकाच प्रेमाने दाखवला असेल, तर ते प्रेम यशाची हमी देत नाही एवढे नक्की. एलीयालाही दिली नव्हती. पुढच्या पावलापुरता उजेड देणे, हे त्याचे जुने वळण आहे. आपण नकाशा मागतो आणि तो मिळाला नाही म्हणून रुसतो.

कॅथलिकांकडचे एक उदाहरण थोडक्यात सांगतो. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगरला आयुष्य घालवले आणि त्यातली कितीतरी वर्षे पाणलोटाच्या कामात. 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. सलग समतल चर, बांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. गावाने आधी श्रमदान करायचे, मग पैशाची गोष्ट. यात प्रवचन कुठे होते? कुठेच नाही, आणि त्यामुळे काही धार्मिक मंडळींना हे काम देवाचे वाटत नाही, समाजकार्य वाटते. एलीयाच्या उशाशी ठेवलेली सुरई मग कोणत्या खात्यात टाकायची, हे त्यांनी मला सांगावे.

याचा अर्थ देवाचे प्रेम म्हणजे नुसती माणसांनी केलेली मदत, असा मी घेत नाही. तसे असते तर प्रार्थनेची गरज नव्हती, पंचायत समिती पुरली असती. मदत संपते, मदत करणारा थकतो, आणि रात्री तीन वाजता उशाशी कोणी नसते. त्या वेळी ज्याला हाक मारायची तो आहे, ऐकतो आहे, आणि आपल्या दुःखाची त्याला किळस नाही, या भरवशावर ख्रिस्ती माणूस तग धरतो. क्रूसावर टांगलेल्या देवाला तुमचे रडणे नवे नाही. पण हा भरवसा हवेत तयार होत नाही. पूर्वी कधीतरी कोणीतरी आणलेल्या भाकरीवर तो वाढलेला असतो. ज्याला ती कधीच मिळाली नाही, त्याला तू देवाच्या प्रेमावर विसंब असे सांगणे मला निर्दयपणाचे वाटते. आधी त्याच्या घरी जावे. बसावे. काय बोलायचे ते सुचले नाही तर फारच उत्तम.

आणि हे आमच्या मंडळ्यांना अवघड जाते, कारण आम्हाला पुरी झालेली साक्ष आवडते. ऑपरेशन होते, डॉक्टरांनी हात टेकले होते, प्रार्थना केली, रिपोर्ट चांगला आला, हालेलुया. अशा साक्षी खोट्या असतात असे नाही. पण त्याच बाकावर बसलेल्या ज्या बाईचा रिपोर्ट चांगला आला नाही, तिला त्या ऐकताना काय वाटत असेल? तिच्यावर देवाचे प्रेम कमी होते का? टिळकांच्या मागे लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर वाचायला शिकलेल्या या बाईने नवऱ्याचे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतले आणि त्यातला फार मोठा भाग स्वतः लिहिला. दुःख संपले म्हणून त्या लिहायला बसल्या असे त्यांच्या लिहिण्यावरून वाटत नाही. काम समोर होते, म्हणून बसल्या.

एखाद्या रविवारी कोणी उभे राहून म्हणावे, अजून बरे वाटत नाही, पुढचे काही दिसत नाही, पण शेजारची मावशी रोज डबा आणते आणि मी जेवतो, एवढीच माझी साक्ष. पाळकसाहेब अशा साक्षीवर आमेन म्हणतील की नाही, सांगता येत नाही. बहुधा घोटाळतील, खोकतील, आणि त्याला उपासना झाल्यावर घरी चहाला बोलावतील.