दानाची विहीर आणि कराची विहीर

विहीर, तलाव, धर्मशाळा बांधण्याला धर्मशास्त्राने पूर्तकर्म म्हटले आणि यज्ञाच्या जोडीला बसवले. पुण्य बांधणाऱ्याच्या पदरात, पाणी गावाला. व्यवस्था उदार होती, पण पाणी कोणी भरायचे आणि कोणी नाही, हे दाता आणि त्याच्या भोवतीचा समाज ठरवी. ज्याला विहिरीवरून हाकलले त्याला दाद मागायला जागा नव्हती, कारण दानावर हक्क सांगता येत नाही. करातून बांधलेल्या विहिरीचे तसे नाही. तिच्यात सगळ्यांचा वाटा असतो, बाजारातून मीठमिरची घेताना नकळत जकात भरणाऱ्याचासुद्धा. मुंबई विधिमंडळात 1923 साली अस्पृश्यांना प्रवेश देण्याचा सी. के. बोले यांचा ठराव झाला, तो सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पाणवठ्यांसारख्या जागांपुरता. महाडच्या सत्याग्रहात चवदार तळे नगरपालिकेचे असणे म्हणूनच निर्णायक ठरले. वऱ्हाडात त्याच दशकाच्या अखेरीस डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. खासगी दात्याच्या विहिरीबाबत त्यांना विनवणी करावी लागली असती. इथे ते अधिकाराने बोलू शकले.

आता अकोल्याच्या जठारपेठेत या. महानच्या काटेपूर्णा धरणातून येणारे पाणी, गटार, रस्त्यावरचा दिवा हे सारे महापालिकेचे काम. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अशी 18 कामे मांडली. पैशाची तशी यादी मात्र दिली नाही, ते राज्यावर सोपवले. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, ऑगस्ट 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि 2017 मध्ये जीएसटी आल्यावर उरलेले साधनही गेले. बदल्यात राज्याकडून भरपाई येते. मालमत्ता कर हेच काय ते हाताशी मोठे साधन राहिले. वसुली एकीकडे आणि खर्च दुसरीकडे, ही केवळ हिशेबाची अडचण आहे असे अर्थखाते म्हणेल. माझ्या मते हा नैतिक बदल आहे. वरून उतरणारा पैसा पुन्हा दानाचे रूप घेतो. गल्लीबोळातला सिमेंट रस्ता पाहा: ‘अमुक आमदारांच्या निधीतून’ अशी पाटी तिथे असतेच. पैसा लोकांचा, नाव दात्याचे. जुन्या शिलालेखात निदान दात्याने स्वतःचे द्रव्य खर्चलेले असे.

पैसा खालीच गोळा व्हावा आणि खालीच खर्च व्हावा, या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप जड आहे आणि तो डॉ. आंबेडकरांचा आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याला संकुचितपणाचे डबके ठरवले. स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक बलवंतांची सत्ता, हा त्यांचा अनुभव होता. महाडच्या नगरपालिकेनेच तळे खुले करण्याचा आपला ठराव 1927 मध्ये मागे घेतला होता. पण नीट पाहिले तर हा आक्षेप तिजोरीवर नसून हक्कावर आहे. तळ्यावर कोण येईल हा प्रश्न गावाच्या मतावर सोडायचा नाही, म्हणून 1937 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाली काढला. तळ्याचा गाळ कधी काढायचा, त्यासाठी किती पट्टी बसवायची, हे मात्र न्यायालय किंवा मंत्रालय ठरवू शकत नाही. हक्क वरून राखावेत आणि पैसा खाली राहावा, यात विसंगती नाही.

दुसरा आक्षेप गरीब शहराचा. मुंबई स्वतःच्या बळावर उभी राहील, अकोला कशाच्या? खरे आहे, वरून पैसा यायलाच हवा. पण वाटा आणि भीक यांत फरक आहे, आणि तो रकमेत नसून नियमात आहे. जीएसटीची भरपाई कायद्याने ठरलेली आहे, तेवढी ती वाट्यासारखी आहे हे मान्य करावे लागते. तरीही ती वाढवणे जठारपेठेतल्या मतदाराने निवडलेल्या नगरसेवकाच्या हाती नाही. त्याच्या हाती उरतो तो मालमत्ता कर, आणि निवडणूक आली की आपणच म्हणतो, तोही कमी करा. ही मागणी करताना आपण नागरिकाचे याचक होतो, एवढे तरी लक्षात असावे.

अकोल्यात 2017 च्या सभागृहाची मुदत 2022 मध्ये संपली आणि पुढचे मतदान जानेवारी 2026 मध्ये झाले. मधल्या काळात करांची बिले घरोघरी येत राहिली. ती ठरवणारे सभागृहच मात्र नव्हते. जिथे देणाऱ्याला विचारायची सोय नाही, तिथे कराला खंडणीपासून वेगळे ठरवणे तत्त्वज्ञालाही अवघड जाईल. आता सभागृह आहे. आपल्या नगरसेवकाकडे रस्ता मागण्याआधी त्याला महापालिकेचे अंदाजपत्रक मागा, आणि त्यात आपल्या प्रभागाचे पान कोणते, ते विचारा.