श्रद्धा सोडलीस, हट्ट सोडला नाहीस

श्रद्धा गेली म्हणतोस. गेली तर गेली; श्रद्धेची सक्ती करणाऱ्यांतला मी नाही. पण ती कशाने गेली हे तू ज्या ऐटीत सांगत सुटला आहेस, त्यासाठी तुझा कान धरणे भाग आहे. मार्काच्या शुभवर्तमानात एक नाव चुकले, म्हणून येशू खोटा, शास्त्र खोटे आणि आजवर गुडघे टेकणारे सगळे खुळे! एवढ्या दांडग्या निष्कर्षाला एवढासाच पुरावा?

तो पुरावा तरी नीट मांड. भुकेलेल्या दाविदाने देवासमोरच्या भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार प्रमुख याजक होता, असे मार्काच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पहिल्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात मात्र भाकरी देणारा याजक अहीमलेख आहे. अब्याथार त्याचा मुलगा. विसंगती खरी आहे, तिच्यावर पांघरूण घालणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. पण तुला ती काल मोबाइलवर दिसली म्हणून जगालाही कालच कळली, असे समजू नकोस. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगतात आणि दोघेही अब्याथाराचे नाव गाळतात. का गाळले असेल, हा प्रश्न तुला पडला? आणि तो प्रसंग आहे कशाबद्दल? नियम आधी की भुकेला माणूस आधी, यावर परुश्यांशी वाद चालला आहे. परुशी अक्षर धरून बसले होते. तूही नेमका त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलास, आणि वर स्वतःला बंडखोर म्हणवतोस!

बायबलचे अभ्यासक बार्ट एर्मन यांचे नाव ऊठसूट पुढे करतोस. त्यांचे तरी पुरते वाचलेस का? प्रिन्स्टन सेमिनरीत शिकताना याच वचनावर त्यांनी लांबलचक निबंध लिहून मार्काला निर्दोष ठरवले होते. मार्काची साधी चूकच झाली असेल, अशा अर्थाचा शेरा प्राध्यापकांनी मारला आणि एर्मन यांची अक्षरनिष्ठा डळमळली. ही हकिकत त्यांच्या २००५ सालच्या पुस्तकात आहे. तेवढी तुला पाठ आहे. पण त्या शेऱ्यानंतरही ते कितीतरी वर्षे ख्रिस्ती राहिले. श्रद्धा सुटली ती जगातल्या दुःखाचे कोडे सुटेना म्हणून, असे २००८ सालच्या पुस्तकात ते स्वतःच लिहितात. ते पुस्तक उघडायचे कष्ट तू घेतले नाहीस. ज्याच्या खांद्यावर उभा राहून आरोळ्या ठोकतोस, त्या माणसाचे म्हणणेही तू अर्धेच ऐकलेस.

आता मूळ दुखण्याकडे येतो. शास्त्रातले प्रत्येक अक्षर इतिहास आणि विज्ञान म्हणून खरे, नाहीतर सगळेच खोटे, हा नियम तुला कोणी दिला? तिसऱ्या शतकातल्या धर्मपंडित ओरिगेनने नाही. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, मग आधीच्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कोणती, असे त्यानेच विचारले होते. बिशप ऑगस्टीननेही नाही. उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना त्याने विश्वासणाऱ्यांनाच झापले: आकाश-ताऱ्यांविषयी शास्त्राच्या नावाने अडाणीपणाने बोलाल, तर जाणकार माणूस तुमच्या पुनरुत्थानाच्या गोष्टीवर तरी का विश्वास ठेवेल? धर्मसुधारक कॅल्विननेही नाही. शनी चंद्रापेक्षा मोठा आहे हे त्याला माहीत होते. मोशेने साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे लिहिले, खगोल शिकायचा असेल त्याने दुसरीकडे जावे, असे तो म्हणतो. ही माणसे आधुनिक नव्हती. जगाचे वय सहा हजार वर्षांहून कमी, असेच ऑगस्टीन मानत होता. पण आपली समजूत म्हणजेच देवाचा शब्द, असा ताठा त्यांना नव्हता.

जुन्यांचे सोड. १९२५ साली अमेरिकेत डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकवण्यावरून खटला झाला. बायबलच्या बाजूने उभे राहिलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी साक्षीत काय कबूल केले, माहीत आहे? निर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही! अक्षरवाद्यांचा सेनापतीही तुझ्यापेक्षा सैल होता.

तुझ्या पाळकांनाही मी सोडणार नाही. ज्यांनी संडे स्कूलमध्ये कोवळ्या पोरांना सांगितले की एक अक्षर चुकले तर येशूही गेला, त्यांनी श्रद्धा राखली नाही, तिला सुरुंग लावून ठेवला. कॉलेजात पहिला जीवाश्म बघितला की पोरगा उडणारच. प्रश्न विचारला म्हणून ज्यांनी तुला सैतानाचा म्हटले, त्यांनी शास्त्राची सेवा केली नाही, स्वतःच्या अज्ञानाची केली.

पण म्हणून तू सुटत नाहीस. पाळकांचे चर्च सोडलेस, त्यांची फूटपट्टी मात्र खिशात घालून आणलीस. ते तिने मापून सगळे खरे म्हणतात, तू तिनेच मापून सगळे खोटे म्हणतोस. कविता, कथा, वंशावळी, विलापगीत, पत्र यांत फरक असतो, हे दोघांनाही शिकायचे नाही. ते शिकायला मेहनत लागते. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून अख्खे बायबल मराठीत आणले. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या खपत राहिल्या. इंग्लंडमध्ये वँटेजला असताना मिशनऱ्यांचे मतही त्यांनी मुकाट्याने गिळले नव्हते. त्यांच्यासारखा वाद घालायचा असेल तर आधी त्यांच्यासारखी मेहनत कर.

दुःख बघून श्रद्धा गेली असती, तर मी तुझ्यासमोर गप्प बसलो असतो. तो प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्यापाशी तयार उत्तर नाही. पण तो विचारणारा तू पहिला नव्हेस. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात ईयोब देवाशी उघड भांडतो, त्याचे मित्र मात्र पाठ केलेला सिद्धांत तोंडावर फेकतात. शेवटी देवाचा कोप होतो तो मित्रांवर. हे पुस्तक पाळकांनी तुला कधी पूर्ण वाचून दाखवले नाही, आणि तूही वाचले नाहीस.

रविवारपर्यंत बेचाळीसही अध्याय वाचून ये, टिपणे काढून ये. त्यानंतर श्रद्धा सोडायची असेल तर खुशाल सोड. मी अडवणार नाही. पण न वाचलेले पुस्तक सोडल्याची फुशारकी पुन्हा माझ्यासमोर मारायची नाही.