सनदेनंतरची तीन वर्षं

‘पहिली तीन वर्षं ज्युनियरने पैशांचं नाव काढू नये,’ असं एका ज्येष्ठ वकिलांनी नव्या सनदधारकांच्या सत्कारात सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. जोडीला बाबासाहेबांचा दाखला दिला: त्यांनाही सुरुवातीला काम मिळत नव्हतं, तरी ते घडलेच ना? सल्ला जुनाच आहे, तो मी ऐकून सोडला असता. दाखला मात्र सोडवत नाही.

१९२३ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन मुंबईत परतले तेव्हा सनदेच्या फीपुरतेही पैसे त्यांच्याजवळ नव्हते. ते नवल भथेना या मित्राने दिले. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला सॉलिसिटरने ब्रीफ दिलं तरच बॅरिस्टर उभा राहणार, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. म्हणून ते अपिलांकडे आणि मुफसल कोर्टांकडे वळले. १९२५ पासून काही वर्षं बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत त्यांनी मर्कंटाइल लॉ शिकवला. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकरांसाठी ते पुण्यात अपिलाला उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणलं. तो दिवस येईपर्यंत त्यांना व्यवसायात टिकवलं ते मित्राच्या पैशाने आणि शिकवणीच्या पगाराने. उपासमारीला त्याचं श्रेय देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि ज्यांना असा मित्र भेटला नाही, ते कोट खुंटीला टांगून घरी गेले. त्यांचे दाखले कोणत्याच सत्कारात दिले जात नाहीत.

आज शेवटच्या वर्षाला असलेली एखादी मुलगी घ्या. वडील शेतकरी, घरात वकील कोणी नाही. सनदेची फी तिच्यासाठी आता आवाक्यात आली आहे, कारण ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या ७५० रुपयांहून (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५) जास्त घ्यायला मनाई केली. पण सनद घेतल्यावर बार कौन्सिलच्या नियमानुसार तिला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. सकाळी सीनियरच्या ऑफिसात डायरी बघून फाइली काढायच्या. पुकारा झाला की ‘सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पासओव्हर द्यावा’ म्हणायचं. संध्याकाळी निशाणी ५ च्या मनाई अर्जाचा मसुदा करायचा. त्या मसुद्याची फी अशील देतो. ती सीनियरकडे जमा होते आणि मुलीला मात्र ‘शिकतेस ना’ एवढंच ऐकायला मिळतं. ती शिकते हे खरंच आहे. पण ज्या कामाचे पैसे अशिलाने मोजले, ते काम तिने केलेलं असतं.

२० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. मी या निकालाच्या बाजूने आहे. साक्षीदार उलटतपासणीत कसा फिरतो, हे न पाहिलेल्या माणसाला न्यायासनावर बसवू नये. पण अटीचा तपशील वाचताना माझा पाठिंबा अडखळतो. अनुभवाचा दाखला न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशाचा चालतो, किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा, प्रमुख न्यायाधीशाच्या दुजोऱ्यासह. आमच्या जिल्ह्यांत बहुतेकांची धाव सीनियरकडेच जाणार. मग ज्याच्या सहीवर परीक्षेला बसणं अवलंबून, त्याच्याकडे ही मुलगी दरमहा पैसे कोणत्या तोंडाने मागेल? घरी चूल पेटती ठेवणारं कोणी असेल त्यालाच ही तीन वर्षं झेपतील, आणि न्यायाधीशही त्याच घरांतून येतील. अट राहावी, पण विनामोबदला राबवून घेतलेली तीन वर्षं तिच्यात चालवून घेऊ नयेत.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं परिपत्रक काढलं. ती नुसती शिफारस आहे. न देणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. तीन वर्षांच्या दाखल्यासोबत ज्युनियरच्या बँक खात्यात दरमहा जमा झालेल्या रकमेचा उतारा मागा, शिफारशीला लगेच जोर येईल. तालुक्याच्या कोर्टात स्वतः जेमतेम कमावणारे सीनियर आहेत, त्यांच्यावर हा भार टाकता येणार नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्या ज्युनियरांना निम्मी रक्कम वकील कल्याण निधीतून द्यावी. त्या निधीचं तिकीट प्रत्येक वकीलपत्रावर आपण लावतोच.