स्वप्नानंतरचं उठणं

संध्याकाळची जपमाळ झाली, क्रुसाची खूण करून दिवा मालवला, तरीही पहाटे माणूस घामाने भिजून जागा होतो. स्वप्नात कुणी पाठीस लागलेलं असतं, वारलेली आई पाण्यात बुडताना दिसते, नाहीतर आपल्याच हातून असं काही घडतं की जाग आल्यावर स्वतःची किळस यावी. वसईत, नंदाखाल-निर्मळकडे, सकाळी शेजारच्या मावशीजवळ मन मोकळं करता येतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बदलीवर आलेल्या वसईकराला तीही सोय नाही. बाहेर विमानांची घरघर आणि आत झोपलेलं घर. अशा वेळी भाविकाला एक प्रश्न हमखास छळतो: मी तर प्रार्थना करून झोपलो होतो, मग हे आलं कुठून?

या प्रश्नाच्या पोटात एक व्यवहार दडलेला आहे. आपण प्रार्थना द्यायची, देवाने शांत झोप द्यायची. झोप मोडली की वाटतं, प्रार्थना उणी पडली किंवा आपल्यातच काही पाप आहे. त्यात ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपल्याच विरुद्ध साक्षीला उभी राहते.

चर्चची परंपरा मात्र या बाबतीत आपल्याहून समजूतदार आहे. शतकानुशतकं रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत गायलं जाणारं एक लॅटिन गीत आहे. त्यात स्वप्नं आणि रात्रीचे भास दूर राहोत, अशी विनवणी होती. हे गीत गाणारे कोण, तर दिवसातून सात-आठ वेळा प्रार्थनेला उभे राहणारे मठवासी. इतकी प्रार्थना करणाऱ्यांनाही रोज रात्री हे मागावं लागत होतं. म्हणजे वाईट स्वप्नं त्यांनाही पडत होती आणि त्यात कुणाला लाज वाटत नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते कडवं बदललं. आता त्या जागी, आमच्या हृदयांना तुझीच स्वप्नं पडोत, असं मागणं आहे.

संत ऑगस्टीन बिशप झाल्यावरही आपल्या स्वप्नांनी अस्वस्थ होत. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात त्यांनी ते उघड लिहिलं आहे. जागेपणी ज्याला आपण नकार देतो ते झोपेत आपल्याला ओढून नेतं; मग झोपेत मी मीच नसतो का, असं ते देवाला विचारतात. जाग आल्यावर सदसद्विवेकाची शांती परत मिळते, यावरून ते ओळखतात की ती गोष्ट आपण केली नाही, ती आपल्यात घडली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हेच नेमकेपणाने मांडलं: झोपेत बुद्धी बांधलेली असते, म्हणून झोपेत घडलेलं ते पाप नव्हे. तेव्हा स्वप्नाचं पापनिवेदन करण्याची गरज नाही. दुःख म्हणून मात्र ते फादरांना जरूर सांगावं. आर. के. पुरमचं चर्चही संत थॉमसच्याच नावाचं आहे, पण हा थॉमस येशूचा शिष्य. जखमांना हात लावून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं म्हणणाऱ्या त्या शिष्याला येशूने हाकलून दिलं नाही, जखमा पुढे केल्या. स्वप्नाकडेही आपण असाच पुरावा मागायला हरकत नाही.

कारण पहाटेची स्वप्नं खरी होतात, ही समजूत आपल्या हाडीमासी भिनलेली आहे. ज्या झोपेत ठळक स्वप्नं पडतात, तिचे टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातात. त्यामुळे पहाटे स्वप्नं अधिक पडतात आणि त्यातून थेट जाग आली तर लक्षातही राहतात. लक्षात राहिलं म्हणजे खरं ठरलं, असं नाही.

मग शुभवर्तमानातल्या स्वप्नांचं काय? मत्तयने योसेफाची चार स्वप्नं सांगितली आहेत. चारही मरिया आणि बाळाच्या रक्षणासाठी आहेत, आणि प्रत्येकातून पुढचं पाऊल स्पष्ट होतं. मरियेचा स्वीकार कर, ऊठ आणि मिसरात जा, ऊठ आणि परत ये, यहूदियाऐवजी गालीलाची वाट धर. योसेफ स्वप्नाचा अर्थ लावत बसत नाही. तो उठतो आणि जबाबदारीला लागतो. मनाला यातना देणारं स्वप्न मात्र मत्तय दुसऱ्याच कुणाच्या नावावर नोंदवतो: पिलाताच्या पत्नीच्या. त्या बाईने काय केलं? न्यायासनावर बसलेल्या नवऱ्याला निरोप धाडला, त्या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका. पिलाताने ऐकलं नाही. पण तिने आपल्या भीतीचं रूपांतर एका निरपराध माणसाच्या बाजूने बोलण्यात केलं. पूर्वेकडच्या काही चर्चमध्ये तिला संत मानतात. स्वप्न कसलं पडलं यापेक्षा उठून काय केलं, याला महत्त्व आहे.

भीतीपोटी जागरण करून नोव्हेना वाढवत नेणं हे मात्र वाईट स्वप्नांवरचं उत्तर नव्हे. 1522 मध्ये मान्रेसा इथे संत इग्नाशियसना झोपण्याच्या वेळीच मोठे आध्यात्मिक आनंद अनुभवाला येऊ लागले आणि आधीच तुटपुंजी असलेली झोप त्यात जाऊ लागली. विचाराअंती त्यांनी ते आनंद बाजूला ठेवले आणि नेमलेल्या वेळी झोपायचं ठरवलं. देवाकडचं वाटणारं सुखही त्यांनी झोपेआड येऊ दिलं नाही. मग भीतीचे लाड आपण का करायचे? रोजची जपमाळ जेवढी तेवढीच ठेवावी. स्वप्न पडलं म्हणून ती दुप्पट करू नये आणि रागावून सोडूही नये.

एकच स्वप्न पुन्हा पुन्हा येत असेल तर मानसोपचारात एक साधी रीत वापरतात. दिवसाउजेडी ते स्वप्न लिहून काढायचं, त्याला आपल्याला हवा तसा शेवट द्यायचा आणि ते बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं मनात घोळवायचं. बॅरी क्राकाव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांबरोबर ही रीत वापरली; दुःस्वप्नं कमी झाल्याची नोंद त्यांच्या 2001 च्या अभ्यासात आहे. शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांपुढे आणून त्यात स्वतः उभं राहायची इग्नाशियसची ध्यानपद्धत ज्याला ठाऊक आहे, त्याला हे परकं वाटणार नाही. आघात, अपघात किंवा वियोगानंतर स्वप्नं थांबत नसतील, किंवा रक्तदाबाचं वा नैराश्याचं औषध सुरू झाल्यापासून ती वाढली असतील, तर डॉक्टरांशी बोलावं. औषध मनाने बंद करू नये. सफदरजंग आणि एम्स ही रुग्णालयं आर. के. पुरमहून जवळ आहेत, आणि टेली-मानस हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर सरकारी मदत मिळते. तिथे फोन करण्याने श्रद्धेला कमीपणा येत नाही.

इग्नाशियसनी साधकांसाठी निजण्याच्या वेळची एक छोटी सूचना लिहून ठेवली आहे. डोळा लागण्याआधी, एक ‘नमो मरिया’ म्हणायला लागेल तेवढा वेळ, दोनच गोष्टी मनात आणायच्या: उद्या किती वाजता उठायचं आणि कशासाठी. आज रात्री जपमाळ उशाशी ठेवल्यावर एवढं करून पाहा. नळाला पाणी येण्याआधी उठायचं आहे, मुलीचा डबा करायचा आहे, वसईला आत्याला फोन करायचा आहे. मध्येच स्वप्नाने उठवलं तर क्रुसाची खूण करा, घोटभर पाणी प्या आणि पुन्हा आडवे व्हा. सकाळी ठरल्या वेळी उठा.