ताण देण्याचा अधिकार

बोन्साय घरात ठेवलं की घरातल्यांची वाढ खुंटते, असं जालन्यातल्या अनेक घरांत आजही सांगितलं जातं. झाड बोगनवेलीचं असेल तर आणखी एक आक्षेप येतो: काटेरी झाड दारात नको. पहिलंवहिलं बोन्साय करू पाहणाऱ्याला खत-मातीच्या आधी हे दोन आक्षेप ऐकावे लागतात. अपशकुनाच्या गोष्टी म्हणून ते बाजूला सारता येतील. पण त्यांच्या तळाशी असलेली अस्वस्थता खरी आहे. गच्चीपर्यंत चढणारी वेल वीतभर ट्रेमध्ये बसवायची, तिची मुळं कापायची, फांद्यांना तार गुंडाळायची आणि फुलावी म्हणून तिला तहानलेली ठेवायची. हा अधिकार माणसाला कुणी दिला?

प्रश्न जुना आहे आणि तो याच मुलखात विचारला गेला आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. त्याच नदीच्या काठावर, पैठणजवळच्या आपेगावात ज्ञानेश्वरांचं मूळ घर. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं विवरण करताना त्यांनी झाडांची बाजू इतक्या पोटतिडकीने मांडली आहे, की ती वाचल्यावर कात्री उचलताना हात थबकतो. औषधासाठी कुणी वनस्पती खणून काढतो, कुणी मुळासकट उपटतो. ज्यांचं कुणाशीच वैर नाही अशा झाडांच्या अंगभर चिरा पाडून त्यांना कोरडं केलं जातं, आणि हे सारं दुसऱ्या जिवावर दया म्हणून चालतं, हे त्यांना पटत नाही. रोग्याचा जीव वाचवण्यासाठी केलेली कापाकापीही ज्यांना खटकते, त्यांच्यापुढे शोभेसाठी केलेली छाटणी कशी मांडायची?

महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज भृगूंना विचारतो, झाडं ऐकत नाहीत, पाहत नाहीत, त्यांना स्पर्श कळत नाही. मग ती पंचमहाभूतांची कशी? भृगूंचं उत्तर निरीक्षणावर उभं आहे. उष्णतेने पानं कोमेजतात, म्हणजे स्पर्श आहे. विजेच्या कडकडाटाने फुलं-फळं गळतात, म्हणजे श्रवण आहे. वेल आधार शोधत झाडाला वेढे घालत जाते, म्हणजे दृष्टी आहे. तोडल्यावर झाड पुन्हा फुटतं, त्याला सुख-दुःख आहे, म्हणून ते जड नाही. आजच्या वनस्पतिशास्त्राला हे अनुमान जसंच्या तसं मान्य होणार नाही. वनस्पतींना चेतासंस्था नाही, मेंदू नाही, त्यामुळे प्राण्यांसारखी वेदना त्यांना होते असं बहुतेक शास्त्रज्ञ मानत नाहीत. मात्र जगदीशचंद्र बोस यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वनस्पती आघाताला विद्युत प्रतिसाद देतात हे प्रयोगांनी मांडलं, आणि वनस्पतीला स्पर्श, प्रकाश, कोरडेपणा जाणवतो यावर आज वाद उरलेला नाही. वेदना असो वा नसो, झाडाला स्वतःची एक दिशा असते. ती दिशा अडवणाऱ्याला आपण का अडवतो याचं उत्तर द्यावंच लागतं.

बोगनवेलीच्या बाबतीत हे उत्तर शोधताना झाडाचा स्वभाव आधी पाहावा लागतो. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या जगप्रवासात, १७६७ साली, फिलिबेर कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने रिओ द जानेरोजवळ तिचे नमुने गोळा केले आणि कप्तानाचं नाव तिला मिळालं. एकोणिसाव्या शतकात ती कोलकात्याच्या वाटेने भारतात आली आणि मराठवाड्याच्या कोरड्या हवेत अशी रमली की शाळांच्या कुंपणांपासून रस्त्यांच्या दुभाजकांपर्यंत सगळीकडे तीच दिसते. ज्यांना आपण फुलं म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरी फुलं त्यांच्या मधोमध, पांढुरकी आणि नळीसारखी. आणखी विलक्षण गोष्ट तिच्या काट्यात आहे. पानाच्या बेचक्यातला जो अंकुर काटा होतो, तोच परिस्थिती बदलली तर फुलोरा होतो. दोन्ही एकाच अवयवाची रूपं. दिवस मोठे, पाणी आणि नत्र भरपूर असलं की वेल पानं आणि काटे वाढवत सुटते. दिवस लहान झाले, मुळांशी कोरड पडली की त्याच जागी फुलोरा येतो. म्हणजे ताणावर फुलणं हे माणसाने तिच्यावर लादलेलं नाही, ते तिच्याच शरीरात लिहिलेलं आहे.

जालन्याला हे कुणी समजावून सांगायला नको. अंबड, बदनापूर, घनसावंगी या तालुक्यांतला मोसंबीचा बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या झाडाला ताण देत आला आहे. अंबे बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं, मृग बहार हवा तर ऐन एप्रिल-मेमध्ये. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत महिना-दीड महिना जातो. पानं पिवळसर होऊन काही गळू लागली की खत घालून ताण तोडायचा, आणि तोही पहिलं पाणी हलकं देऊन, मग हळूहळू वाढवत. या शेतीत दोन पथ्यं कटाक्षाने सांगितली जातात: वर्षातून एकच बहार धरावा आणि अशक्त किंवा रोगट झाडाला ताण देऊच नये.

याच बागांनी २०१२-१३चा दुष्काळ पाहिला. त्या उन्हाळ्यातही झाडांना ताण बसला होता, पण तो तोडायला विहिरीत पाणी नव्हतं. बागायतदारांनी टँकर विकत घेऊन बुंधे ओले ठेवले. ज्यांना ते परवडलं नाही त्यांच्या बागा वाळल्या आणि वाढवलेली झाडं स्वतःच्या हातांनी तोडावी लागली. कोरडी माती दोन्हीकडे तीच होती. फरक एवढाच होता की डिसेंबरातल्या ताणामागे तो तोडू शकणारा एक माणूस उभा असतो, आणि दुष्काळामागे कुणी नसतं.

बोन्सायचं समर्थन करताना तपाचा दाखला अनेकदा दिला जातो. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथून निघालेल्या नारायणाने नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षं तप केलं आणि त्या कष्टांतून समर्थ घडले. झाडही असंच ताणातून फुलतं, असं म्हटलं जातं. ऐकायला छान वाटणारा हा युक्तिवाद टिकत नाही. नदीत उभं राहून जप करायचं नारायणाने स्वतः ठरवलं होतं. ट्रेमधल्या बोगनवेलीने काहीच ठरवलेलं नसतं. गीतेचा सतरावा अध्याय तर हट्टाने शरीराला पीडा देऊन केलेल्या आणि दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस म्हणतो. दुसऱ्यावर लादलेल्या कष्टांना तपाचा मान देता येत नाही. तेव्हा बोन्सायवाल्याने झाडाच्या नावाने तप सांगू नये. त्याने स्वतःच्या हातांबद्दल बोलावं.

हातांबद्दल सर्वांत नेमकं जैन विचार बोलतो. जालना शहरातलं गुरु गणेश तपोधाम हे स्थानकवासी जैनांचं श्रद्धास्थान. जैन साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी थांबतात, कारण पावसाळ्यात वाटेवर गवत आणि बारीक जीव सर्वत्र उगवलेले असतात आणि पावलाखाली त्यांची हिंसा होते. वनस्पती या विचारात एकेंद्रिय जीव आहे. तिला फक्त स्पर्शाचं इंद्रिय आहे, पण जीव पूर्ण आहे. गृहस्थाला या जिवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही हेही ही परंपरा मान्य करते. म्हणून उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवलेलं आहे: बेसावधपणातून जिवाचा घात होतो ती हिंसा. यावर उपाय म्हणजे यतना, प्रत्येक कृती जपून करणं.

पण हीच परंपरा बोन्सायवाल्याला सर्वांत कठीण प्रश्नही विचारते. गृहस्थाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडाचा त्याग आहे, म्हणजे ज्याची गरज नाही अशी हिंसा सोडणं. आणि विनाकारण झाडं तोडणं हे त्याचं ठरलेलं उदाहरण. मोसंबीच्या ताणावर घर चालतं. बोन्सायवर कुणाचं घर चालत नाही. मग ते अनर्थदंडात मोडत नाही का?

दिवाणखान्याची शोभा म्हणून विकत आणलेलं आणि दोन महिन्यांत वाळून कचऱ्यात गेलेलं बोन्साय नक्कीच मोडतं. तिथे आक्षेप पूर्ण खरा आहे. पण जो माणूस ते झाड वर्षानुवर्षं सांभाळतो, त्याच्या बाबतीत गोष्ट बदलते. जमिनीतली बोगनवेल तहानली तर मुळं खोल पाठवते. ट्रेमधल्या झाडाला तो मार्ग उरलेला नाही. तो आपण बंद केला आहे. त्याचा पाऊस, त्याची माती, त्याचं ऊन आता एका माणसाच्या सावधपणावर अवलंबून आहे. झाडाचं स्वातंत्र्य घेतल्याचं हे देणं रोज फेडावं लागतं, आणि ते फेडण्याची सवय माणसात जे घडवते तेच बोन्सायचं प्रयोजन. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे, १६२५पासून बोन्साय म्हणून जोपासलेला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या अंगणात होता आणि भिंतीआड वाचला. १९७६ साली यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला, तेव्हा त्या देशाने टाकलेल्या बॉम्बचा उल्लेखही केला नाही. २००१ साली त्यांचे नातू तिथे आले तेव्हा ही हकिकत कळली. इतकी वर्षं कुणीतरी रोज पाणी घालत आलं म्हणून ते झाड आहे. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं हा समज खरा असता तर ते इतकं जगलंच नसतं.

जालन्यातल्या नवशिक्यासाठी यतना म्हणजे काही अगदी ठोस गोष्टी. पहिली गोष्ट मातीची. इथली काळी माती शेतात सोनं असली तरी ट्रेमध्ये ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. म्हणून जाड वाळू किंवा मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि चांगलं कुजलेलं शेणखत असं मोकळं मिश्रण लागतं. बोगनवेलीची मुळं नाजूक, पटकन तुटणारी. ट्रे बदलताना मातीचा गोळा झटकून फोडला तर झाड दगावू शकतं. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन हवंच, पण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तापलेल्या स्लॅबवर ठेवलेला उथळ ट्रे काही तासांत कोरडा पडतो. त्या दिवसांत तो विटांवर उचलून ठेवणं, दुपारनंतर सावली देणं आणि गरज पडल्यास दोन वेळा पाणी घालणं टळत नाही.

तार कोवळ्या, अर्धवट पिकलेल्या फांदीलाच गुंडाळावी. जुनं लाकूड वाकत नाही, मोडतं. गुंडाळल्यावर दर आठवड्याला पाहावं, कारण उन्हाळा-पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते. तार रुतेपर्यंत लक्ष न जाणं हा सूत्रातला प्रमाद, अगदी शब्दशः. मोठ्या छाटणीच्या जखमेतून बोगनवेलीचं लाकूड लवकर कुजतं, म्हणून ती जखम लेप लावून झाकावी. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात. बहर ओसरला की छाटणी, मग नवी फूट, मग ताण. तोही पानं किंचित मलूल होईपर्यंतच. मलूल पान दिसलं की ट्रेच्या भोकांतून बाहेर येईल इतकं भरपूर पाणी द्यायचं. बारीक कळ्या दिसू लागल्या की ताण बंद.

ज्ञानेश्वरांनी अहिंसक माणसाचं चालणं सांगताना कमळावर बसणाऱ्या भुंग्याचं चित्र उभं केलं आहे: केसर चुरगळेल या शंकेने तो पाय हलके ठेवतो. भुंगा कमळावर बसतच नाही असं त्यांनी म्हटलेलं नाही. झाडाशी संबंध ठेवायचा तर थोडा भार पडणारच. तो किती आणि कुठवर, याची शंका मनात जिवंत राहणं हे त्या चित्राचं मर्म आहे. ज्ञानेश्वरांनी बोन्सायला संमती दिली असती असं यावरून म्हणता येणार नाही. त्यांच्या कसोटीपुढे उभं राहायचं तर निदान ही शंका सोबत हवी.

म्हणून सुरुवात कुठून करावी यालाही महत्त्व आहे. माळावरचा किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीवरचा जाड बुंधा उपटून आणला की झाड लगेच म्हातारं, देखणं दिसतं. पण त्यात एक वाढलेलं आयुष्य पणाला लागतं आणि नवशिक्याच्या हातात ते बहुधा जातं. त्याऐवजी पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणाची बोगनवेल छाटली जाते तेव्हा फेकून दिलेल्या फांद्यांतून करंगळीएवढ्या जाडीची पक्की काडी घ्यावी. ओलसर वाळूत ती रुजते. जी जळणात गेली असती तिला मुळं फुटतात. पहिली दोन-तीन वर्षं तिला ताण देऊ नये, फक्त वाढू द्यावं. अशक्त झाडाला ताण नाही, हा मोसंबीचा नियम इथेही लागू.

आणि कधी बदली झाली, आजारपण आलं, मे महिन्यात लग्नासाठी गावाला जाताना पाणी घालायला कुणी मिळेना, तर एक वाट उघडी असते. पावसाळा सुरू झाला की तार काढून, गोळा न फोडता झाड जमिनीत लावावं. मुळांना जागा मिळाली की तेच वीतभर झाड लांब फांद्या टाकत कुंपण चढू लागतं. त्याची वाढ मेलेली नव्हती, फक्त थांबवून ठेवलेली होती. पहिल्या बोन्सायसाठी ट्रे विकत घेतानाच अंगणात, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या शेताच्या बांधावर, त्या झाडासाठी एक जागा ठरवून ठेवावी.