लक्ष देणं हे कर्तव्य कोणाचं?

मुलांचं लक्ष नसतं, ही तक्रार डोंबिवली-कल्याणच्या गच्च वर्गांत नेहमीची. पण लक्ष देणं हे एकट्या मुलाचं कर्तव्य आहे का? कीर्तनपरंपरेनं हा भार वक्त्यानं उचलायचा असं मानलं. पूर्वरंगातलं, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागातलं, निरूपण जड होऊ लागलं की कीर्तनकार बुवा थांबतात, नामाचा गजर करवतात. टाळ्या वाजवणाऱ्याला डुलकी येत नाही. मग उत्तररंगात तेच तत्त्व आख्यान होऊन येतं.

वर्गात असं करायचं म्हटलं की आक्षेप ठरलेला: ही करमणूक झाली, पोर्शन कधी संपणार? त्याहून वजनदार आक्षेप असा, की गोडीची लाच देऊन मिळवलेलं लक्ष खरं कसं? विषयाबाहेरचं चॉकलेट ही लाचच, हे मान्य. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या कोसबाडला महागड्या माँटेसरी साधनांऐवजी खडे, शिंपले, पानं, बिया मुलांपुढे ठेवल्या, तेव्हा गंमत आणि गणित वेगळं उरलं नाही. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा निघाली, शाळाच माळावर गेली. राहिला वेळेचा प्रश्न. ‘गप्प बसा’ ओरडण्यात तास जातो, तो कुठे कोण मोजतो? साठ मुलांत बिया वाटणं अवघड असेल. पाढा बाकावरून बाकावर फिरवायला मात्र टाळीखेरीज काही लागत नाही.