उघडं वावर

आर्द्रा नक्षत्रात आबांनी रिसोडजवळच्या आपल्या वावरात सोयाबीन पेरलं, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या नातवाने घरात काचेची टाकी मांडली. दोन्ही पेरण्याच होत्या, पण तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नातू नववीत. साठवलेल्या पैशांतून त्याने अकोल्याहून दोन फुटी टाकी, एलईडी दिवा आणि फिल्टर आणला होता. तळाला माती, वर रेतीचा थर, आणि त्यात वीतवीत अंतरावर पाच रोपं. चित्रातली टाकी हिरवीगार होती, ही ओकीबोकी. रोपं लवकर वाढावीत म्हणून तो दिवा सकाळी सहाला लावायचा आणि रात्री दहाला मालवायचा. खताच्या गोळ्याही रेतीत खोचल्या. दुसऱ्याच दिवशी दहा गप्पी सोडले. डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात, तेच मासे. पोराने हे सगळं मनापासून केलं होतं, आणि मनापासून करणाऱ्याचीच घाई जास्त असते.

दहाव्या दिवशी काचेवर तपकिरी भुकटी दिसू लागली. बोट फिरवलं की निघायची, दोन दिवसांनी पुन्हा यायची. हे डायटम नावाचं शेवाळ. बहुतेक नव्या टाक्यांमध्ये ते येतं आणि टाकी मुरली की आपसूक जातं. पोराला मात्र ती आपली हार वाटली. त्याने टाकीतलं सगळं पाणी उपसलं, काच घासली आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला.

घात तिथेच झाला. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट रोपं खातात. या जिवाणूंची वस्ती मुख्यतः त्या मळक्या स्पंजातच असते, आणि ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लावलेलं भांडं रोज घासून काढलं तर दही लागेल कसं?

पुढच्या आठवड्यात हिरवे धागे आले. रोपांची जुनी पानं पारदर्शक होऊन विरघळू लागली. रोपवाटिकेत अशी रोपं बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवतात. ती पाण्यात बुडवली की जुनी पानं सडतात आणि पाण्यात जगणारी नवी पानं फुटतात. सडकं पान वेळेवर खुडलं नाही, तर तेच शेवाळाचं खाद्य होतं. पोराने पानं खुडली नाहीत. त्याने दुकानातून शेवाळ मारायच्या औषधाची बाटली आणली, आणि झाकणभर सांगितलं होतं तिथे तीन झाकणं ओतली.

सकाळी धागे पांढरे पडून तळाला बसले होते. पण गप्पी पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत होते. मेलेलं शेवाळ सडताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. त्यात औषधात तांबं होतं, आणि तांबं गोगलगायींना चालत नाही. रोपांसोबत आलेल्या चारही छोट्या गोगलगायी उलट्या पडल्या होत्या. तीन मासे गेले.

आबा डवरणीवरून आले तेव्हा पोरगा टाकीपाशी बसून रडत होता. आबांनी पाय धुतले, जवळ बसले. टाकीकडे बराच वेळ पाहत राहिले.

“बाबू, हे त तण हाय.”

“शेवाळ आहे, आबा.”

“तेच म्हनतो मी. आपल्या वावरात तण कवा माजते?”

“पीक लहान असतं तेव्हा.”

“अन् आता, पीक गुडघ्याले लागल्यावर?”

“तेव्हा खाली ऊन जात नाही. तण दबतं.”

“मंग पाय इकडं. पाच रोपं अन् सारं वावर उघडं. वरून सोळा घंटे ऊन, खाली खत. तू पेरलं कमी अन् तणाले जेवाले बसवलं.”

सोयाबीनच्या दोन ओळींत दीड फूट अंतर असतं. पेरल्यापासून तीस ते पंचेचाळीस दिवस ते उघडं राहतं, आणि शेतकऱ्याची खरी परीक्षा त्याच दिवसांत होते. निंदण, डवरणी, पुन्हा निंदण. एकदा ओळी मिळाल्या की पीक आपली राखण आपणच करतं. आबांनी मग स्वतःची एक जुनी गोष्ट सांगितली. एका वर्षी मजूर मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी तणनाशक मारलं, अन् पंपात औषध जास्त घातलं. तण जळलं, सोबत सोयाबीनही पिवळं पडून खुजं राहिलं. मोकळ्या झालेल्या त्या जागेत पंधरा दिवसांत पुन्हा तणच उगवलं.

“मारल्यानं जागा रिकामी होते, बाबू. भरत नाही.”

दुसऱ्या दिवशी दोघं वावरातल्या विहिरीवर गेले. तिच्या पाण्यात हायड्रिला भरपूर वाढते. गावात तिलाही शेवाळच म्हणतात, पण तिला खोड असतं, पानं असतात, आणि ती झपाट्याने वाढते. ती आणून धुतली, आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवली. तोवर टाकीतलं अर्धं पाणी काढून हौदात चोवीस तास ठेवलेलं पाणी भरलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच केलं. सडकी पानं खुडली, धागे काडीवर गुंडाळून काढले. दिवा सहाच तास. माशांना चिमूट नव्हे, अर्धी चिमूट. स्पंज आता टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळायचा. मग हायड्रिला इतकी दाट लावली की तळाची रेती दिसेना.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी हे ऐकलं तेव्हा लोणारची आठवण काढली. रिसोडहून लोणार लांब नाही. त्या सरोवराचं पाणी खारं आणि क्षारीय. त्यातल्या शेवाळामुळे ते एरवी हिरवं दिसतं. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं. उन्हाने पाणी आटलं, खारेपणा वाढला, तशी मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांची चलती झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तेच सांगितलं. पुढे पाऊस झाला आणि तो रंग ओसरला. कुणी त्यात काही ओतलं नव्हतं. पाणी बदललं, म्हणून त्यातले रहिवासी बदलले.

पोराला सगळ्यात जड गेलं ते थांबणं. पहिले दोन आठवडे फरक दिसला नाही. तो रोज काचेला नाक लावून बसायचा आणि आबा रोज विचारायचे, “नवं पान फुटलं का?” शेवाळाचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. हळूहळू पोरगाही धाग्यांऐवजी पानं मोजू लागला. पोळ्याच्या सुमारास हायड्रिला पाण्याच्या वर टेकली. मूळच्या पाच रोपांपैकी तीन जगली होती, त्यांना नवी अरुंद पानं आली होती. काचेच्या कोपऱ्यात थोडं हिरवं होतंच, बांधावर गवत असतं तेवढं.

सोयाबीन घरी आलं. दिवाळीच्या सुट्टीत मित्राने निरोप पाठवला: नव्या टाकीत तपकिरी थर आलाय, ती बाटली घेऊन ये. पोराने हायड्रिलाच्या दोन मुठी ओल्या फडक्यात गुंडाळल्या, आपल्या फिल्टरच्या मळक्या स्पंजाचा एक तुकडा कापून डब्यात पाण्यात घातला, आणि सायकल काढली.